मान हलवू नको

पेवावरची फरशी सरकवली तेव्हा किसन मेलेला होता. बसल्या जागी कलंडून त्याचं तोंड जुन्या जवारीत गेलं होतं. मी त्याच्या शेजारी जवारीच्या ढिगावर भिंतीला टेकून उभी होते. वरचा उजेड दिसत होता, पण हात उचलत नव्हता. किसनची आई, म्हणजे माझी वहिनी सुभद्रा, आत उडी टाकायला निघाली. गयामावशीनं मागून तिचा अंबाडा धरला आणि तिला जमिनीवर पाडलं. माझ्या मायला म्हणाली, "हिला धर. सोडलंस तर दोन मुडदे निघतील." मग मावशी पालथी पडली, आत हात घातला, माझी वेणी पकडली आणि वेणीनंच मला वर ओढलं. नंतर दोरीला दिवा बांधून आत सोडला, तो अर्ध्यावरच विझला. म्हणून तिनं कोणाला उतरू दिलं नाही. विहिरीत पडलेल्या घागरी काढायचा गळ आणवला आणि जमलेल्या लोकांकडून किसनला त्या गळानं काढवलं. तेवढा वेळ वहिनीचा अंबाडा पुन्हा मावशीच्या मुठीत होता. तिनं तो सोडला नाही.

अठ्ठेचाळीस सालचा श्रावण होता. आमचं गाव साखऱ्याच्या पलीकडं, पैनगंगेच्या अलीकडं. नदी ओलांडली की वऱ्हाड, तिथं हिंदुस्थानचं राज्य. आमच्या बाजूला निजामाचं. माझा दादा निजामाशी लढणाऱ्यांच्या नदीपलीकडच्या कॅम्पात गेलेला, म्हणून रझाकार आमच्या घराचा माग काढत येत. बाप्या सापडला नाही तर लेकरं उचलून नेतात असं आसपासच्या गावांतून ऐकू येत होतं. त्या दुपारी घोडे वेशीत आल्याचं कळलं तसं वहिनीनं किसनला आणि मला परसातल्या पेवात उतरवलं.

पेव म्हणजे जमिनीत खणलेलं धान्याचं कोठार. तोंड अरुंद, पोट रुंद. पावसाळ्यात तळाच्या धान्याला ओल लागते आणि आत विषारी वाफ कोंडते, तळाशी सगळ्यात जास्त. पेव उघडलं की आधी बराच वेळ तोंड उघडं टाकायचं, मग दिवा सोडायचा, दिवा जळत राहिला तरच माणूस उतरवायचा. आमच्या गावात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. वहिनीलाही ठाऊक होतं. पण तिच्या डोक्यात घोडे होते.

फरशीला बोटभर फट ठेवून तिनं वर गोणपाट टाकलं आणि सूप घेऊन त्यावर डाळ पाखडत बसली. ते आले, दादाला विचारलं, मायला भाकरी थापायला लावलं, ओसरीत बसून जेवले. एकानं वहिनीच्या पाठीत बंदुकीचा दस्ता मारून तिला पाणी आणायला सांगितलं. ती उठली नाही. दुसरा दस्ता खाल्ला, तरी उठली नाही. उठली असती तर फरशी दिसली असती. ते गेल्यावर तिनंच गोणपाट ओढलं. मावशी शेजारच्या घरातून धावत आली ती तिची किंकाळी ऐकून.

आता गयामावशी कोण ते सांगते.

ती आमच्या गावच्या न्हाव्याची बायको. नवरा प्लेगात गेला. दिराच्या पोरांनी गावची हजामत घेतली आणि हिला सांगितलं, तू आपलं पोट बघ. बाईमाणसाला वस्तरा कोण धरू देतो. तिच्याकडं नवऱ्याची एक शिंगाची फणी होती. ती घेऊन ती बायकांच्या उवा काढायला लागली. डोक्याला तेल घालणं, बाळंतिणीचं डोकं धुणं, गुंता सोडवणं हेही करी. खळ्यावर रास झाली की प्रत्येक घरातून तिला सुपभर जवारी मिळे.

दिसायला ती काही मायाळू नव्हती. उंच, काळी, एका डोळ्यात फूल पडलेलं. बोटांना तंबाखूचा वास. दिवसभर तिच्या तोंडात मिसरी असे, त्यामुळे तिला फार बोलता येत नसे. बायका म्हणत, गयाबाई किती ऐकून घेते. मला वाटतं त्यातलं निम्मं मिसरीमुळं होतं.

तिची बैठक भर उन्हात, ओट्यावर. उवा दिसायला ऊन लागतं. बाई पुढं, मावशी मागं. बाईचं तोंड रस्त्याकडं. मागं वळायचं नाही. वळलं की टाळूत टोला बसे. फणी चाले, दोन नखांत ऊ टक्कन फुटे आणि बाई बोलायला लागे. समोर तोंड नसलं की माणूस बोलतं. सासू, नवरा, सवत, गेलेली लेकरं, पोटात राहिलेलं आणि पाडलेलं, सगळं त्या ओट्यावर निघे. मावशी मधूनच म्हणे, "व्हय. मंग?" एवढंच. कोणी रडायला लागलं तर म्हणे, "रडायचं तर रड. मान हलवू नको."

सल्ला द्यायची नाही. कोणाची बाजू घ्यायची नाही. ऐकलेलं दुसऱ्या ओट्यावर कधी गेलं नाही. माझ्या मायनं एकदा खोदून विचारलं की पाटलाची सून इतका वेळ काय सांगून राहिली होती. मावशी म्हणाली, "तुझं बी तिला सांगू का?" माय पुन्हा विचारायला गेली नाही.

पाटलीणबाईंचं मात्र हसू येई. त्यांच्या डोक्यात ऊ औषधाला नव्हती, तरी आठवड्यातून एकदा बोलावणं ठरलेलं. मावशी फणी फिरवून म्हणाली, "पाटलीणबाई, उवा न्हाईत. बोलायचं असंल तर बोला, तोवर मी वेणी घालते. पण जवारी उवांच्या हिशेबानंच घेईन." पाटलीणबाई रागावल्या आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलावलं.

तिच्या हातून एक बाई गेली, तेही लिहिते. मी अगदी लहान होते, पण गावात सगळ्यांना माहीत होतं. मथुरा नावाची नवी सून होती. मावशीच्या पुढ्यात बसून म्हणाली की मला विहीर बोलावून राहिली. मावशी म्हणाली, व्हय, मंग? पोरीनं पुढं काही सांगितलं नाही. वेणी घालून घेतली, उठून गेली आणि दोन दिवसांनी विहिरीत सापडली. लोकांनी मावशीला विचारलं, तुला माहीत होतं का. ती म्हणाली, "व्हय." तू सांगितलं काहून न्हाई, तर म्हणाली, "सांगितलं असतं तर तिला मारून मंग कोंडली असती." लोक पुष्कळ बोलले. काही घरांनी तिला त्या वर्षी जवारी दिली नाही.

ती खचली बिचली नाही, निदान आम्हाला दिसलं नाही. पण तेव्हापासून तिचा एक नेम झाला. ज्या बाईच्या तोंडी विहिरीचं नाव येई तिच्याबरोबर मावशी पाण्याला जाई. काही विचारायची नाही, समजूत घालायची नाही. आपली घागर घेऊन दारात उभी राही आणि म्हणे, चल. एकीबरोबर तर ती सबंध उन्हाळा गेली. ती बाई म्हातारी होऊन मेली.

किसन गेल्यावर वहिनीनं बोलणं टाकलं. भाकरी पुढं ठेवली तर खाई, न ठेवली तर मागत नसे. माझ्याकडं तिनं पाहिलं नाही. मी घरात आले की ती भिंतीकडं तोंड करी. केसाला तर कोणाला हात लावू देत नव्हती. त्याच केसांना धरून मावशीनं तिला किसनपासून लांब ठेवलं होतं. माय तेल घेऊन गेली तर तिनं मायचा हात चावला. मावशी उंबऱ्यात दिसली की ती उठून आत जाई. सुतक फिटलं, पोळा गेला, तरी अंबाडा सुटला नाही. ती पावसात भिजे, चुलीपुढं राखेत झोपे.

भादव्यात हिंदुस्थानची फौज आली आणि निजामाचं राज्य गेलं. लोकांनी गुलाल उधळला. त्यानंतर आपल्या लोकांनी काय केलं तेही सांगायला पाहिजे. गावचा तांबोळी पानं विकून खाणारा माणूस, त्याचा रझाकारांशी काही संबंध नव्हता. त्याला त्याच्या दुकानापुढं मारलं. मारणारे आमच्याच गल्लीतले होते. त्याची बायको चांदबी दार लावून बसली. मावशी तिच्याकडं गेली, दार वाजवत राहिली आणि तिला ओट्यावर आणून बसवलं. एक बाई जाता जाता म्हणाली, त्यांच्या उवा आता आपल्या झाल्या का? मावशी म्हणाली, "उवाला जात न्हाई. तुझ्या डोक्यात कोठून आल्या ते सांगू का समद्यांना?" त्या बाईनं पदर सावरला आणि गेली.

दादा परत आला. त्याला किसनचं नदीपलीकडंच कळलं होतं. तो वहिनीशी बोलला नाही. एक दिवस तो मावशीच्या ओट्यावर जाऊन तिच्याकडं पाठ करून बसला. बाप्या तिथं बसलेला मी कधी पाहिला नव्हता. मावशी म्हणाली, "तुझे केस फणीत येत न्हाईत." तो उठला नाही, म्हणून तिनं तेल घेतलं आणि डोकं चेपायला लागली. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "तिनं दिवा काहून सोडला न्हाई?"

"तू असतास तर सोडला असतास. तू नदीपल्याड होतास. मंग?"

दादा तसाच तेलकट डोक्यानं उठून शेतात गेला.

दिवाळीपर्यंत वहिनीच्या केसांचा गोळा झाला होता, गोवरीसारखा घट्ट. मायनं तो पाहिला आणि हात जोडले. जट आली म्हणजे देवीनं बाईला मागितलं, असं आमच्याकडं मानतात. जट कापायची नाही. त्या बाईनं घर सोडायचं, परडी घेऊन देवीच्या नावानं मागून खायचं. मायच्या मनात कपट नव्हतं. तिला खरंच वाटलं की एवढं मोठं दुःख देवीनं उगाच दिलं नसणार, त्यात काही मागणं असणार. दत्ताच्या पुनवेला माहूरला जत्रा भरते, तेव्हा सुभद्राला तिथं देवीच्या पदरात घालायची, असं ठरलं. दादा म्हणाला, जसं तुमाला बराबर वाटंल तसं. वहिनीला कोणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी ती बोलत नव्हती.

मावशी मायकडं आली. ती देवीच्या विरोधात एक शब्द बोलली नाही. म्हणाली, "देवीची असंल तर सुटणार न्हाई. सुटली तर गुंता होता. पुनवेपोत्तर मला हात लावू दे. कातर घेणार न्हाई." मायला यात खोट काढता येईना. शिवाय वहिनी कोणाला शिवू देत नाही, तर हिला काय देणार, असंही तिला वाटलं असेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी मावशी आमच्या ओट्यावर येऊन बसली आणि तिनं वहिनीला हाक मारली नाही. मला बोलावलं. पुढ्यात बसवून माझी वेणी सोडली. वहिनी आत, दाराच्या मागं होती. फणी चालू झाली. मग मावशी म्हणाली, "पेवात काय झालं ते सांग."

मायनं आतून ओरडून मावशीला गप्प राहायला सांगितलं. मावशी म्हणाली, "सुभद्राला कोणी सांगितलं न्हाई. आतलं हिलाच ठाऊक हाय." मग माझ्या डोक्यावर बोट टेकवून म्हणाली, "बोल. मान हलवू नको."

मी सांगितलं. आत अंधार होता, जवारीचा आंबूस वास होता. वहिनीनं उतरवताना मला सांगितलं होतं, तू मोठी, तू ढिगावर उभी राह्य आणि फटीला कान लावून वरची चाहूल घे. किसनला सांगितलं होतं, तू खाली बस, हलू नको.

"व्हय. मंग?"

मग मी फटीशी उभी राहिले आणि किसन माझ्या पायापाशी बसला. वर भांड्यांचा आवाज येत होता.

"तो रडला का?"

"न्हाई."

"आईला हाक मारली का?"

"न्हाई. मला म्हणाला, आक्का, झोप येऊन राहिली. मी म्हणाले, झोप. मंग तो झोपला. मंग माझं बी डोकं फिरायला लागलं."

फणी थांबली नाही. मावशीनं माझी वेणी घातली आणि ती गेली. दुसऱ्या दिवशी आली आणि मला तेच पुन्हा सांगायला लावलं. तिसऱ्या दिवशीही. मला तकलीफ व्हायची, पण सांगता सांगता ती कमी झाली हेही खरं.

त्यानंतर एका दुपारी मी सांगत असताना दार उघडलं आणि वहिनी बाहेर आली. उन्हात तिला डोळे उघडवत नव्हते. तिनं मला दंडाला धरून उठवलं आणि माझ्या जागी, मावशीकडं पाठ करून, बसली. किती दिवसांनी तिचा आवाज ऐकला. म्हणाली, "त्या दिशी मला काहून धरलं?"

"उतरली असती तर मेली असती."

"मंग?" वहिनी म्हणाली.

मावशीला तिचाच शब्द असा परत आलेला मी त्याआधी कधी पाहिला नव्हता. ती मिसरी थुंकून आली. मग तिळाच्या तेलाची वाटी ओढली आणि जटेवर तेल सोडायला लागली. वहिनीनं मान हलवली नाही.

रोज दुपारी काम चाले. तेल मुरवायचं, गोणी शिवायच्या दाभणानं एक एक केस सोडवायचा. फणी लागायला बरेच दिवस गेले. पुष्कळ केस मुळापासून आले, टाळूला फोड आले, उवा तर किती निघाल्या. आधी वहिनी गप्प बसे. मग एकदा ती म्हणाली, "त्याला मीच म्हणाले, खाली बस."

"व्हय. मंग?"

"हिला म्हणाले, उभी राह्य."

"व्हय. उभी राहिली ती. मंग?"

"मंग मी वर बसले. दस्ते खाल्ले, पर उठले न्हाई. मला वाटलं लेकरू वाचवून राहिले मी."

मावशीनं "मंग" म्हटलं नाही. म्हणाली, "व्हय." वहिनी रडायला लागली ती ऊन भिंतीवरून जाईपर्यंत रडली, आणि मावशी तेवढा वेळ दाभण चालवत राहिली. दादा गोठ्याच्या दारात उभा होता. त्यानं ते ऐकलं. तो आत आला नाही आणि गेलाही नाही. संध्याकाळी त्यानं वहिनीला, पाणी दे, असं म्हटलं. किसन गेल्यापासून तो तिच्याशी बोललेला तो पहिला शब्द.

त्याच आठवड्यात वहिनी बोलता बोलता विहिरीचं काही बोलली असावी. ते मला ऐकू आलं नाही. पण दुसऱ्या सकाळी मावशी घागर घेऊन आमच्या दारात उभी होती.

पुनवेच्या आदल्या दिवशी शेवटची गाठ सुटली. केस पूर्वीच्या निम्मेही उरले नव्हते. मावशीनं शिकेकाईनं डोकं धुतलं, मायला बोलावलं आणि वहिनीच्या केसांतून फणी मुळापासून टोकापर्यंत ओढून दाखवली. ती कुठं अडली नाही. माय पाहत राहिली. मग तिनं देवीच्या नावानं नारळ फोडला आणि अर्धा मावशीला दिला. माहूरला माय एकटीच जाऊन आली.

मावशीची मला शेवटची आठवण आहे ती नंतरच्या उन्हाळ्याच्या तोंडाची. नदीच्या वाटेनं तिघी चालल्या होत्या. पुढं चांदबी, तिच्या मागं मावशी आणि सर्वांत मागं वहिनी. तिघींच्या डोक्यावर घागरी. आमची विहीर तेव्हा भरलेली होती, नदीला जायची गरज नव्हती. म्हणजे त्या तिघींत कोणाला तरी विहीर नको होती. कोणाला, ते मी कधी विचारलं नाही. त्याच उन्हाळ्यात गावात पटकीची साथ आली आणि मावशी त्यात गेली. शिंगाची फणी वहिनीनं ठेवून घेतली.

वहिनीला पुन्हा मूल झालं नाही. माझ्याकडं बघायला तिला बराच काळ लागला. माझ्या लग्नात माझी वेणी तिनं घातली, मला तिच्याकडं पाठ करून बसवून.

त्या दुपारी पेवात आम्ही दोघं उतरलो होतो. मी जगले. पेवावर बसलेली वहिनीही जगली.